रोजच्या वापराला छोटी प्रीमियम एसयूव्ही: वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांचे अनुभव हवेत

पाऊलवाट | सोमवार, रात्री ९:४०
नमस्कार. गेली ९ वर्षं आमच्याकडे एक छोटी हॅचबॅक आहे. तिने कधी दगा दिला नाही, पण आता आईला तिच्यात बसता येत नाही. मागच्या वर्षी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सीट इतकी खाली आहे की बसताना ती धपकन पडते आणि उठवताना मला तिचे दोन्ही हात धरून ओढावं लागतं. हल्ली ती "मला नका नेऊ, तुम्ही जाऊन या" असं म्हणायला लागली आहे. ते ऐकून मला फार वाईट वाटतं.

तर गाडी बदलायची आहे. आम्ही दोघं, आई आणि ६ वर्षांची लेक. रोज ऑफिसला जाऊन-येऊन २४ किमी, तेही बहुतेक तुंबलेल्या रस्त्यातून. महिन्यातून एखादा लांबचा प्रवास. यादीत ऑडी क्यू३, बीएमडब्ल्यू एक्स१, मर्सिडीज जीएलए आणि व्होल्वो एक्ससी४० आहेत. व्हिडिओ ढीगभर पाहिले. सगळे शून्य ते शंभरचे सेकंद मोजतात. मला त्याचं काही नाही. रोज सकाळी हीच गाडी काढायची तर ती कशी वाटते, आणि दोन-तीन वर्षांनी काय खुपायला लागतं, ते ज्यांनी वापरली आहे त्यांनी कृपया सांगा.

तेलपाणी | सोमवार, रात्री १०:०५
चांगला धागा. सगळ्यात आधी एक विचारतो: पेट्रोल की डिझेल? २४ किमी आणि तुंबलेला रस्ता असेल तर डिझेलचा विचारही करू नका. कारण उद्या सविस्तर लिहितो.

निळीछत्री | सोमवार, रात्री १०:३१
मी चार वर्षं अशीच एक गाडी चालवते आहे (यादीतलीच, नाव मुद्दाम लिहीत नाही). जे आवडतं ते आधी सांगते. दार लावलं की बाहेरचा गोंगाट बाहेरच राहतो. दीड तास अडकून घरी आले तरी डोकं उठलेलं नसतं. सीट इतकी चांगली आहे की माझी जुनी पाठदुखी प्रवासात तरी जाणवत नाही. उंचावर बसल्यामुळे पुढच्या दोन गाड्यांच्या पलीकडचं दिसतं, त्यामुळे ब्रेक आधीच आणि हलका लागतो.

खुपतं ते एकच, पण रोज खुपतं. अगदी हळू वेगातला गिअरबॉक्स. डबल क्लचचा आहे. चालत्या माणसाच्या वेगाने गाडी सरकवायची म्हटलं की पोटात आचका बसतो. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये मोकळा रस्ता दिला होता, तिथे हे कळलंच नाही.

मधलीसुट्टी | सोमवार, रात्री ११:१२
वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

तेलपाणी | मंगळवार, सकाळी ७:५०
काल म्हटल्याप्रमाणे लिहितो. जरा लांबेल.

डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं इंधन जाळून गाळणीचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. या कामाला सलग दहा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. बारा किलोमीटरच्या रडतखडत प्रवासात इंजिन नीट तापतं न तापतं तोच ऑफिस येतं. काम अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा राहतं. न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. शेवटी दिवा लागतो.

माझ्या आधीच्या गाडीचं हेच झालं. लक्षणं सांगतो, कोणाला तरी उपयोगी पडतील: उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा थोडे जास्त, सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं ते होत नाही, आणि गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो. माझा मुलगा तेव्हा लहान होता, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "बाबा, गाडीला ताप आलाय." त्याचं निदान माझ्या आधी झालं होतं! अशा वेळी गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्याला एक फेरी मारून आणावी.

निळीछत्री, तुमच्या आचक्याबद्दल. डबल क्लचमध्ये साध्या ऑटोमॅटिकसारखा तेलातून ताकद देणारा टॉर्क कन्व्हर्टर नसतो. आत खरेखुरे दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी, एक सम. सरपटत चालवलं की क्लच अर्धवट घासत राहतो, जसा आपण चढावर क्लच अर्धा धरून ठेवला तर घासतो. उपाय एवढाच की पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्यायचं, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदम दोन-तीन गाड्यांइतकं अंतर जायचं. इंच-इंच सरकायचं नाही. ऑइलमधले क्लच कोरड्या क्लचपेक्षा ही उष्णता चांगली सोसतात, म्हणून घेण्याआधी आत कोणते आहेत ते विचारा.

निळीछत्री | मंगळवार, सकाळी ९:२०
तेलपाणी, आज येताना तसं करून पाहिलं. मागच्याने दोनदा हॉर्न दिला, पण आचका खरंच कमी बसला. धन्यवाद.

चौथागिअर | मंगळवार, दुपारी १:१५
माझं मत वेगळं आहे आणि राग मानू नका. आईला उंच सीट हवी, बरोबर. पण उंच सीट साध्या कंपनीच्या एसयूव्हीतही मिळते. प्रीमियम बिल्ल्याने आईचा गुडघा कसा दुखायचा थांबेल? सर्व्हिसिंग, टायर, एखादा सेन्सर, सगळं महाग. बंपरला टेकलं तर आत रडार असतं. जो पैसा वाचेल त्यातून आईला फिरवा.

पाऊलवाट | मंगळवार, दुपारी २:००
चौथागिअर, राग कसला. हाच प्रश्न मी नवऱ्याला विचारला होता. साध्या दोन गाड्याही पाहिल्या. एकीत सीट उंच होती पण उंबरठा रुंद, आईचा पाय अडकला. दुसरीत मागे बसल्यावर आवाज फार. आई कानाला यंत्र लावते, गोंगाटात तिला आमचं बोलणं कळत नाही आणि मग ती गप्प बसते. शांत गाडी ही आमच्यासाठी चैन नाही.

चौथागिअर | मंगळवार, दुपारी २:३८
हे आधी लक्षात आलं नव्हतं. कानयंत्राचा मुद्दा पूर्ण मान्य. मग टायर निवडताना फार काळजी घ्या, कारण आत येणारा निम्मा आवाज टायरचाच असतो असं माझे कान सांगतात.

हवा_भर | मंगळवार, संध्याकाळी ६:४५
टायरचा विषय निघालाच आहे तर मला लिहिलंच पाहिजे. माझं अर्ध आयुष्य टायर बदलण्यात गेलं.

एकाच गाडीला कंपन्या १७, १८, १९ इंची चाकं देतात. मोठं चाक फोटोत छान दिसतं. आता हिशोब बघा. २३५/५५ आर १७ या टायरची बाजूची भिंत रुंदीच्या, म्हणजे २३५ मिलिमीटरच्या, ५५ टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. २३५/५० आर १८ची साधारण ११७. २३५/४५ आर १९ची १०६. तिन्ही टायरांचा बाहेरचा घेर जवळपास सारखाच. म्हणजे चाक मोठं झालं तरी गाडी उंच होत नाही, फक्त तुमच्या आणि खड्ड्याच्या मधलं रबर आणि हवा सव्वादोन सेंटीमीटरने कमी होते. हेच सव्वादोन सेंटीमीटर तुमच्या आईच्या गुडघ्याला कळणार आहेत. फुगलेल्या बाजूचे, वाकलेल्या रिमचे जे लोक माझ्याकडे येतात त्यांतले बहुतेक मोठ्या चाकांचे असतात.

दुसरं, काही गाड्यांना रनफ्लॅट टायर येतात. हवा गेली तरी साधारण ८० च्या वेगाने ८० किमीपर्यंत जाता येतं. रात्री, पावसात, आई आणि मुलगी गाडीत असताना रस्त्यावर उतरावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण त्यांची भिंत कडक असते, गाडी ठणठण करते. आणि अशा गाडीत स्टेपनी बहुतेक वेळा नसते. डिकीचं फळकूट उचलून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

तिसरं, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी घेतलीत तर एकच नवा टायर टाकू नका. नव्या आणि झिजलेल्या टायरचा घेर वेगळा असतो, ते अंतर दिवसभर मधल्या क्लचला भरून काढावं लागतं. किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.

मधलीसुट्टी | मंगळवार, संध्याकाळी ७:०२
हवा_भर, हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय. १९ इंची पक्की केली होती, उद्या बदलतो.

सायकलची_घंटी | मंगळवार, रात्री ८:३०
मी या गाड्यांच्या बाहेरून बोलते, कारण मी सायकल चालवते आणि पायी फिरते. उंच बसल्याने तुम्हाला लांबचं दिसतं, पण जवळचं दिसत नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एक मीटरपेक्षा उंच आहे, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंच किंवा त्याहून खाली, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. पाऊलवाट, तुमची लेक सहा वर्षांची आहे. तिच्याच उंचीचं कोणाचं तरी मूल गाडीसमोरून जाणार आहे. गाडी घ्या, पण हे मनात ठेवून चालवा.

निळीछत्री | मंगळवार, रात्री ८:५५
घंटी, बरं झालं लिहिलंत. मी गाडी घेतल्यावर माझ्या भाच्याला समोर उभं केलं आणि सीटवरून बघितलं. बॉनेटला चिकटून उभा होता तेव्हा फक्त केस दिसत होते. तेव्हापासून पार्किंगमधून निघताना समोरचा कॅमेरा आधी बघते, मगच गाडी हलवते. सीटही एक खूण वर घेतली.

तेलपाणी | मंगळवार, रात्री ९:१०
यादीतल्या गाड्या अगदी अवाढव्य नाहीत, तरी घंटी म्हणतात ते योग्यच आहे. ट्रायल घेताना टेप न्या आणि बॉनेटची उंची मोजा. मर्सिडीजची जीएलए २०१३ ला आली तेव्हा ती एसयूव्हीपेक्षा उंच हॅचबॅकच जास्त वाटायची. दुसरी पिढी तिच्यापेक्षा १० सेंटीमीटरने उंच केली. एक्स१ चंही तसंच. २००९ ची पहिली मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या बांधणीवरची, लांब बॉनेटची आणि बुटकी होती. २०१५ ला पुढच्या चाकांची बांधणी घेतली, इंजिन आडवं बसवलं, मग बॉनेट आखूड झालं आणि आतल्या माणसांना जागा मिळाली. जुन्या बाजारात बघणाऱ्यांनी पिढी विचारल्याशिवाय नावावर जाऊ नये.

मधलीसुट्टी | मंगळवार, रात्री ९:४४
डिकीचं काय? मुलांची सायकल मावते का?

चौथागिअर | मंगळवार, रात्री १०:०३
कागदावर २०१८ च्या पिढीची क्यू३ ५३० लिटर, एक्ससी४० साधारण ४५० ते ४६०, जीएलए ४३५. पण लिटरवर जाऊ नका. क्यू३ ची मागची सीट १५ सेंटीमीटर पुढेमागे सरकते. सामान जास्त असेल तर सीट पुढे, आजी बसणार असतील तर मागे. आणि प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत चार्ज करायची बॅटरी असलेली) घेतलीत तर बॅटरीमुळे डिकी घटते, त्या गाडीचा आकडा वेगळा वाचा.

पडद्यामागे | बुधवार, सकाळी ६:५८
कोणी बटणांबद्दल बोललंच नाही! मी नवी गाडी घेतली, आणि काचेवरचं धुकं घालवायला तीनदा टचस्क्रीनचा पडदा दाबावा लागतो. पाऊस, अंधार, काच धुरकट, आणि मी मेनू शोधतोय. एकदा समोरची गाडी थांबलेली उशिरा दिसली. काही झालं नाही, पण दिवसभर हात थरथरत होते.

स्वीडनमधल्या वी बिलेगारे या मासिकाने २०२२ मध्ये एक चाचणी घेतली होती. ११० च्या वेगाने जाताना चार साधी कामं करायची, किती वेळ लागतो ते मोजायचं. २००५ सालच्या जुन्या, बटणांच्या व्होल्वोत १० सेकंद लागले, तेवढ्यात गाडी तीनशे मीटरच्या आसपास गेली. पडद्याच्या सगळ्यात संथ गाडीत ती त्याच्या चौपटीहून जास्त अंतर गेली.

निळीछत्री | बुधवार, सकाळी ८:४०
माझ्या गाडीला एसीची खरी बटणं आहेत. न बघता हात जातो. हे गेलं तर मला खरंच चुकल्यासारखं होईल.

हवा_भर | बुधवार, सकाळी ९:०५
माझी पत्नी म्हणते, "स्वयंपाकघरात अंधारातही मला मिठाचा डबा सापडतो, गाडीत उजेडातही पंखा सापडत नाही." मी तिला म्हटलं हे धाग्यावर टाकतो, तर म्हणाली टाका.

तेलपाणी | बुधवार, सकाळी ९:३०
वहिनींना नमस्कार सांगा, एका वाक्यात सगळं आलं. थोडी आशा आहे. युरो एनकॅपने (गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी युरोपातली संस्था) २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना हाताने लागणारी खरी कळ असेल तर गुण द्यायचं ठरवलं आहे. काचेवरचं धुकं त्यात नाही, हे मात्र मला पटत नाही.

रुंदी_मोजा | बुधवार, दुपारी १२:२०
लांबीकडे सगळे बघतात, रुंदीकडे कोणी नाही. २०१८ च्या पिढीच्या क्यू३ ची रुंदी आरसे सोडून १,८४९ मिलिमीटर, एक्ससी४० त्याहून जरा जास्त. पार्किंगचा चौकोन २.४ मीटर असेल आणि गाडी बरोबर मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना फक्त २७-२८ सेंटीमीटर उरतात. शेजारच्यानेही तशीच लावली असेल तर मधली फट पंचावन्नची. त्यात दार उघडून, गुडघा दुखणाऱ्या माणसाला बाहेर काढायचं. आम्ही आता आधी सासऱ्यांना मोकळ्या जागेत उतरवतो, मग गाडी आत लावतो. साधी गोष्ट आहे, पण सुचायला आम्हाला सहा महिने लागले.

विजेवर | बुधवार, दुपारी ३:१०
२४ किमीचा रोजचा प्रवास आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर विजेच्या गाडीचा विचार करा. याच बांधणीच्या विजेच्या बहिणी आहेत: एक्स१ ची आयएक्स१, जीएलए ची ईक्यूए, एक्ससी४० ची ईएक्स४० (२०२४ पर्यंत तिला एक्ससी४० रिचार्ज म्हणत). गिअर बदलणंच नाही, त्यामुळे निळीछत्रींचा आचका नाही, तेलपाणींची गाळणी नाही, आणि तुंबलेल्या रस्त्यात अगदी शांत. माझी तीन वर्षं झाली. वजन मात्र २ टनांच्या आसपास जातं, टायर लवकर संपतात.

पाऊलवाट | बुधवार, दुपारी ३:४५
विजेवर, आमच्या इमारतीत चार्जिंगची सोय अजून नाही. झाली असती तर तेच घेतलं असतं. तूर्त पेट्रोल.

तेलपाणी | बुधवार, संध्याकाळी ५:००
पेट्रोल घेताय तर इंधनाच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. टर्बो इंजिनाला किती ऑक्टेनचं (म्हणजे ठोके न देता जळण्याच्या किती क्षमतेचं) पेट्रोल लागतं ते तिथे लिहिलेलं असतं. कमी ऑक्टेनवर इंजिन ठोके टाळायला स्वतःला आवरतं, मग ओढही कमी आणि अ‍ॅव्हरेजही कमी. आणि कमी चालली तरी ब्रेक ऑइल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला, बहुतेक दोन वर्षांनी, बदला. ते हवेतलं पाणी शोषतं.

चालतंबोलतं | बुधवार, रात्री ९:१५
माझं काम लोकांना शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालायला लावण्याचं आहे. धागा वाचला. टायर, गिअर, बटणं सगळं उपयोगाचं आहे, पण पाऊलवाट यांनी विचारलं होतं ते आईच्या बसण्याचं, त्यावर थोडं सांगते.

घरी आई ज्या खुर्चीतून कोणाचा हात न धरता उठतात, तिची बसायची उंची जमिनीपासून मोजा. तोच आकडा घेऊन शोरूममध्ये जा. गाडीच्या सीटची कड, दाबली गेल्यावर, जमिनीपासून तेवढीच किंवा थोडी वर हवी. फार वर असली तरी वाईट, मग त्यांना चढावं लागेल आणि दुखऱ्या पायावर भार येईल. नंतर बघा: उंबरठा किती रुंद, दार किती कोनात उघडतं, सीटच्या कडेला उंचवटा आहे का (खेळाडू पद्धतीच्या सीटला असतो, तो मांडीला अडतो), आणि छताशी धरायला मूठ आहे का. लेदर किंवा गुळगुळीत कापड असेल तर वळायला सोपं जातं.

बसायची रीत: आधी पाठ गाडीकडे करायची, मागे सरत सीटच्या कडेवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. एक पाय आत टाकून बसायचं नाही. आणि त्यांना पुढे बसवा. बहुतेक गाड्यांत पुढचं दार मोठं असतं आणि सीट मागे सरकवता येते.

पाऊलवाट | बुधवार, रात्री ९:५०
तुमचे आभार कसे मानू? आत्ताच टेप घेऊन आईच्या खुर्चीजवळ गेले. ५४ सेंटीमीटर. "काय मोजतेस गं?" म्हणाली. सांगितलं तर हसली, आणि म्हणाली, "म्हणजे मला धरून चालला आहात तर."

मधलीसुट्टी | बुधवार, रात्री १०:०८
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पाऊलवाट | रविवार, संध्याकाळी ७:३०
धाग्यावर येणाऱ्यांसाठी पुढचं लिहिते.

चारही गाड्या पाहिल्या, आईला घेऊन. विक्रेता पॉवर सांगायला लागला की मी टेप काढायची. एका ठिकाणी तोच टेप धरायला पुढे आला आणि मग मनापासून मदत केली त्याने. एका गाडीत सीट छान पण कडेचा उंचवटा आईच्या मांडीत रुतला. एकीत मागचं दार पुरेसं उघडेना. तिसरीत ती पाठ करून टेकली, पाय वळवले, आणि मी हात पुढे करायच्या आत आत बसली. उतरताना मूठ धरून एकटी उभी राहिली. मग पुन्हा बसली. मग पुन्हा उतरली. तीन वेळा. चौथी पाहिली, पण आई तोवर तिसरीबद्दलच बोलत होती.

कोणती ते इथे लिहीत नाही, कारण ती ५४ सेंटीमीटरवाल्यांची गाडी आहे, तुमच्या घरचा आकडा वेगळा निघेल.

ट्रायल आम्ही मुद्दाम संध्याकाळच्या गर्दीत घेतली. आचका थोडा आहे, तेलपाणींची युक्ती चालते. एसीला बटणं आहेत. लेकीला समोर उभी करून बघितलं, घंटी, आणि सीट वर घेतली. चाकं १७ इंची सांगितली. डिकीचं फळकूट उचललं, खाली स्टेपनी आहे, छोटी आहे पण आहे. आईला पार्किंगच्या बाहेर आधी उतरवायचं हेही ठरलं.

हवा_भर | रविवार, संध्याकाळी ७:४१
१७ इंची! अभिनंदन. हवा दर महिन्याला थंड टायरवर तपासा.

निळीछत्री | रविवार, संध्याकाळी ८:०२
खूप खूप अभिनंदन! रंग कोणता घेतलात?

पाऊलवाट | रविवार, संध्याकाळी ८:१०
आईला विचारलं. हिरवा.